एका गाठीची मुंगी

नमस्कार श्रोतेहो. सिलोन म्हटलं की जुन्या श्रोत्यांना बिनाका गीतमाला आठवते. मला मात्र त्या बेटावरची एक मुंगी आठवते. पिवळसर, जेमतेम तीन मिलिमीटरची, कुजक्या लाकडात राहणारी. नाव अ‍ॅन्युरेटस सायमनी. नावातले सायमन म्हणजे फ्रान्सचे कोळीतज्ज्ञ. त्यांनी सिलोनमध्ये गोळा केलेल्या मुंग्यांत ही होती आणि १८९३ साली इटलीच्या कार्लो एमरींनी तिचं बारसं केलं.

आता ती ओळखायची कशी? पिवळ्या बारीक मुंग्या तर पैशाला पासरी! फायडोली जातीच्या मुंग्यांशी तर हमखास गफलत होते. त्यांच्यासारखेच हिच्यातही छोटे आणि मोठ्या डोक्याचे असे दोन प्रकारचे कामकरी, आणि पाठीवर दोन काटे. म्हणून भिंग धरायचं ते थेट कमरेवर. फायडोलीच्या कमरेत दोन गाठी असतात. हिच्या कमरेत एकच, तीही लांब देठावर बसवल्यासारखी. मग पोटाचं टोक बघा. तिथे नांगी आहे.

या नांगीतच खरी गंमत आहे. तुमच्या ओट्यावर काळ्या डोक्याची, फिकट पोटाची इवलीशी मुंगी फिरते ना? चिरडली की खवट खोबऱ्यासारखा वास सोडते, ती. तिच्या कुळाला नांगी नाही, बचावाला रसायनं आहेत. अ‍ॅन्युरेटस याच कुळाची चुलत पणजी म्हणा, पण नांगी शाबूत ठेवलेली. हिचे नातेवाईक बाल्टिकच्या अंबरात सापडतात, म्हणजे सुमारे चार कोटी वर्षांपूर्वीच्या डिंकात अडकलेले. अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या खडकांतही त्यांचे ठसे आहेत. आज हिच्या स्वतःच्या अख्ख्या उपकुळातली ही एकटीच जिवंत, आणि तीही फक्त श्रीलंकेत.

१९५५ मध्ये एडवर्ड विल्सन हा तरुण अमेरिकन मुंगीतज्ज्ञ खास हिच्यासाठी तिथे गेला. आधी कँडीजवळचं उदवट्टकेले जंगल धुंडाळलं. हाती काही लागलं नाही. मग रत्नपुरा गाठलं. तिथे जमिनीवरची एक पोकळ काटकी त्याने मोडली आणि आतून चिडलेल्या पिवळ्या मुंग्या बाहेर पडल्या. साठ वर्षांचा शोध एका काटकीत!

हिचं वारूळ नसतं. पडलेल्या फांदीत शंभरेक मुंग्यांचा संसार. त्यामुळे सावलीची, ओलसर जमीन गेली, की घरच गेलं. जागतिक निसर्गसंवर्धन संघाने तिला अतिसंकटग्रस्त ठरवलं आहे. पुढे सिंहराजासारख्या आणखी काही जंगलांतही ती दिसली, हे बरं झालं.

कधी पावसाळ्यात तिकडच्या जंगलात गेलात तर जळवा झटकत झटकत एखादी कुजकी फांदी हळूच उलटून बघा. कमरेची गाठ मोजा. आणि फांदी होती तशीच, ओली बाजू खाली करून ठेवा.