मार्सेलिसचे पाचशे मीटर

श्रोतेहो, नमस्कार. मार्सेलिस म्हटलं की आपल्याला ती उडी आठवते. आज उडीनंतरचं ऐका.

८ जुलै १९१०ची सकाळ. इंग्लंडहून कैदी सावरकरांना हिंदुस्थानात नेणारी मोरिया बोट फ्रान्सच्या या बंदरात उभी. विनायक दामोदर सावरकर शौचालयाच्या गोल खिडकीतून पाण्यात उतरले, पोहत धक्क्याला आले आणि पळत सुटले. अंगावर जवळपास काहीच नाही. मागून बोटीवरची माणसं हातवारे करत धावताहेत, धक्क्यावरचे बघेही 'पकडा, पकडा' म्हणून ओरडताहेत. एक फ्रेंच जमादार मागे लागला आणि सुमारे पाचशे मीटरवर त्यानं गाठलंच. पाचशे मीटर, तेही जमिनीवर! आपण उगीच त्यांना मैलोन्‌मैल पोहायला लावतो. खरी गोष्ट काय कमी आहे? जमादाराला वाटलं, कुणी खलाशी बोटीवर गुन्हा करून पळतोय. त्यानं कैदी बोटीवाल्यांच्या हवाली केला. दुसऱ्या दिवशी मोरिया निघाली.

पुढे फ्रान्स म्हणालं, माणूस आमच्या भूमीवर आला होता. तो परत करा, मग प्रत्यार्पणाचा रीतसर अर्ज करा. ब्रिटन ऐकेना. ऑक्टोबरमध्ये दोघांनी हेगच्या लवादाकडे जायचं ठरवलं. पंच पाच : एक फ्रेंच, एक इंग्रज, बाकी बेल्जियम, नॉर्वे आणि हॉलंडचे.

२४ फेब्रुवारी १९११ला निवाडा आला. पकडून देण्यात नियमभंग झाला, हे पंचांनी मान्य केलं. पण बंदरातल्या बंदोबस्ताबद्दल दोन्हीकडच्या पोलिसांचा पत्रव्यवहार आधीच झालेला; फसवणूक नाही, बळजबरी नाही. फ्रेंच शिपायाच्या चुकीपायी ब्रिटननं कैदी परत द्यावा, असा नियमच आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही. पुन्हा सांगतो : चूक झाली, पण परत देणं बंधनकारक नाही.

आणि दावा कुणाचा? फ्रान्स आणि ब्रिटनचा. ज्याच्या सुटकेचा प्रश्न, तो त्यात पक्षकारच नव्हता! मुंबईत तर दोन खटल्यांत मिळून पन्नास वर्षांची शिक्षा जानेवारीअखेरीसच सुनावून झाली होती. निवाड्याची वाट कोण पाहतो?

मग अशा एकट्या माणसानं दाद मागायची कुठे? त्याला आपल्याच सरकारविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे तक्रार करता येते, ती १९७६पासून. तीही त्याच्या देशानं नागरी हक्कांच्या कराराला जोडलेला वेगळा प्रोटोकॉल, म्हणजे पूरक करार, स्वीकारला असेल तरच. मूळ करार भारतानं १९७९ साली स्वीकारला. प्रोटोकॉल मात्र नाही.