कथलाचा कोपरा

(दृश्य : जुन्या रजिस्टरचं पान. छापील रकाने, तपकिरी पडलेली शाई.)

एका पानावर आठ बाप्तिस्मे. तारीख, बाळाचं नाव, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण. आणि मग तो रकाना, ज्याच्यासाठी आपण एका खाणकामगार पूर्वजाचा माग काढत इंग्लंडच्या पार नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलला आलोय : बापाचा धंदा. पाद्रीबुवांनी तिथं एकच शब्द लिहिलाय. टिनर. कथील काढणारा.

कथील म्हणजे तेच, ज्याची कल्हई आपल्या पितळी भांड्यांना लागायची.

हा छापील रकाना १८१३ पासूनचा. १८१२ सालच्या कायद्यानं तो आणला. त्याच्या मागचं रजिस्टर उघडलं की धंदा बहुतेक वेळा गायब होतो. अमक्याचा मुलगा तमका, अमुक तारखेला, संपलं. १७५४ पासूनच्या लग्नाच्या नोंदीखाली नवरा-नवरीच्या सह्या तरी मिळतात. सही कसली, बरेचदा नुसती फुली. त्याच्याही मागे गेलं की कोरडी यादी. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशनं, म्हणजे प्रत्येक चर्चच्या हद्दीनं, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहून ठेवावं. तेव्हापासूनची वही सगळीकडे टिकलेली नाही. जिथं टिकलीय तिथं ती एवढंच सांगते, की माणूस आला, लग्न केलं, गेला.

त्यात नावांचा दुष्काळ. जॉन, विल्यम, रिचर्ड, थॉमस, आणि पुन्हा जॉन. एकाच गावात एकाच आडनावाचे तीन चुलतभाऊ, तिघंही जॉन, तिघंही खाणीत. यातला आपला कोणता? इथं घाई करून पुष्कळ लोक दुसऱ्याचाच पणजोबा घरी घेऊन जातात.

(दृश्य : रेडरूथ. जुन्या ब्रुअरीच्या दगडी भिंती.)

हे क्रेसेन केर्नो. कॉर्निश भाषेत अर्थ 'कॉर्नवॉल केंद्र'. पडक्या ब्रुअरीच्या जागेत २०१९ मध्ये उघडलेला हा दफ्तरखाना. चर्चच्या वहीनं हात टेकले की इथं दुसरं दार ठोठवायचं. कोर्टाचं.

कथील काढणाऱ्यांचं कोर्टच वेगळं होतं. १२०१ मध्ये जॉन राजानं त्यांना सनद दिली, १३०५ मध्ये पहिल्या एडवर्डनं कॉर्नवॉलसाठी स्वतंत्र सनद दिली. जमिनीचा वाद, जीव घेणं किंवा हातपाय तोडणं, एवढं सोडून टिनरचा बाकी सगळा मामला स्टॅनरी कोर्टात. स्टॅनम म्हणजे लॅटिनमध्ये कथील. त्यावरून हे नाव. कॉर्नवॉलमध्ये अशा चार स्टॅनऱ्या, म्हणजे कथलाचे विभाग, होते, आणि लॉस्टविदियल गावात त्यांचा स्वतःचा तुरुंग. ही कोर्टं १८९६ पर्यंत चालली.

तुरुंग कशाला लागायचा? मुख्यतः कर्जापायी. कारण कथलाच्या कोपऱ्यात आहे.

(दृश्य : कथलाची लादी. छिन्नी, हातोडा.)

वितळवून ओतलेली लादी टिनरला थेट विकता येत नसे. ती ठरलेल्या गावी न्यायची : लॉस्टविदियल, लिस्कर्ड, ट्रूरो, हेल्स्टन, पुढे पेन्झान्स. तिथं अधिकारी लादीचा एक कोपरा छिन्नीनं उडवायचा, कस बघायचा, डचीचा, म्हणजे कॉर्नवॉलच्या ड्यूकच्या जहागिरीचा, शिक्का मारायचा. कोपऱ्याला फ्रेंचमध्ये 'क्वँ' म्हणतात, म्हणून या प्रकाराला इंग्रजीत कॉइनेज. दर हंड्रेडवेटला, म्हणजे साधारण पन्नास किलोला, ४ शिलिंग कर, तो डची ऑफ कॉर्नवॉलच्या तिजोरीत. आणि हा सोहळा वर्षातून मोजक्याच वेळा. मधले महिने पोट कशावर भरायचं? व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची, अंगावर कर्ज घ्यायचं. १८३८ मध्ये कॉइनेज बंद झालं, तोवर हे असंच.

या कराच्या मध्ययुगीन गुंडाळ्या लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय दफ्तरात आहेत. त्यात नावांच्या रांगा सापडतात. पण हुरळून जाऊ नका. नाव लिहिलंय ते लादी घेऊन येणाऱ्याचं. तो पुष्कळदा व्यापारी. चिखलात उभा राहून खणणारा त्याच्या मागे, बिननावाचा.

त्याचं नाव येतं ते भांडण झालं की. कर्ज बुडालं, वाट्यावरून जुंपली, कुणी हद्द सरकवली.

हद्दीचं प्रकरण तर बघण्यासारखं. कथलाच्या जागेवर हक्क सांगायचा तर चार कोपऱ्यांवर गवताचं ढेकूळ कापून ठेवायचं, स्टॅनरी कोर्टात पुकारा करायचा, आणि दरवर्षी ठरल्या दिवशी जाऊन ढेकळं पुन्हा कापायची. चुकलं की दुसरा टपलेलाच. या हक्काचे वाटे पडायचे, विकले जायचे, मृत्युपत्रातही यायचे. आणि वाद कोर्टात गेला की गावातल्या म्हाताऱ्यांना बोलवायचे. जबानीच्या माथ्यावर साक्षीदाराचं नाव, गाव, धंदा, आणि 'वय ६० किंवा त्याच्या आसपास'. त्यानं बापाबरोबर त्या हद्दीवर काम केलं असेल, तर तेही तो सांगणार. वहीत तीन पिढ्या मिळून जेवढे शब्द नाहीत, तेवढे या एका जबानीत. मला विचाराल तर पूर्वज भांडखोर निघावा.

वाचणं मात्र सोपं नाही. सोळाव्या-सतराव्या शतकातली कारकुनी इंग्रजी लिपी म्हणजे आपल्या मोडीसारखीच. अक्षरं ओळखीची, पण पळती. १७३३ पर्यंत कोर्टाच्या अधिकृत नोंदी लॅटिनमध्ये, तेव्हा टिनर हा शब्द शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. तिथं तो 'स्टॅनेटर' असतो.

(दृश्य : एक्झेटर. कॅथीड्रल, रस्ता.)

आता मृत्युपत्र. कॉर्नवॉलच्या आर्चडीकनच्या, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या धर्माधिकाऱ्याच्या, कोर्टातली मृत्युपत्रं टिकलीत, रेडरूथलाच आहेत. पण काही पॅरिश थेट एक्झेटरच्या, म्हणजे शेजारच्या डेव्हनमधल्या बिशपच्या शहराच्या, अखत्यारीत होते, आणि त्यांची मृत्युपत्रं इथं, एक्झेटरला ठेवलेली. मे १९४२ मध्ये जर्मन विमानांनी शहरावर बॉम्ब टाकले. त्या आगीत ती खाक झाली. वाचली ती आधीच छापून झालेली सूची. त्यात आपल्या टिनरचं नाव मिळू शकतं, गाव मिळतं, साल मिळतं. गाय कुणाला दिली, वाटा कुणाला दिला, ते नाही.

एक मोठा अपवाद आहे. १८१२ ते १८५७ च्या दरम्यानची बरीच मृत्युपत्रं आज नकलेच्या रूपात वाचायला मिळतात. वारसाकर वसूल करायचा म्हणून लंडनच्या कर खात्यानं त्या नकला आपल्याकडे मागवून ठेवल्या होत्या.