सव्वीस, साडेसत्तावीस की एकोणतीस?

श्रोतेहो, नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की नागपुरातल्या सायकलच्या दुकानांत गर्दी होते आणि काउंटरवरचा प्रश्न ठरलेला असतो. "भाऊ, पोट्ट्यासाठी गिअरवाली पाहिजे. 26 ची घ्यावी की 29 ची?" दुकानदार आपल्याकडे जे शिल्लक असेल ते पुढे करतो. त्यालाही माल काढायचा असतो. घरी आल्यावर शेजारचे काका म्हणतात, "29 काहून नाही घेतली? आता तर सगळे तेच घेतात." आणि नव्या सायकलचा निम्मा आनंद तिथेच जातो.

माउंटन बाइकच्या चाकांच्या या आकड्यांबद्दल आज बोलायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. चाकाचा आकडा सगळ्यांत शेवटी ठरवावा. आधी फ्रेम अंगाला बसते का बघावं, मग टायर किती रुंद आहे ते, आणि मग चाक. पण आपल्याकडे सगळे आकड्यापासूनच सुरुवात करतात, तर आपणही तिथूनच निघू.

कागद-पेन्सिल हाताशी असेल तर तीन आकडे लिहून घ्या. 559, 584 आणि 622. हे मिलिमीटर आहेत. टायरची कडा रिमवर, म्हणजे चाकाच्या धातूच्या कड्यावर, जिथे बसते तिथला हा व्यास. माउंटन बाइकचं 26 इंची चाक म्हणजे 559, साडेसत्तावीस म्हणजे 584 आणि 29 म्हणजे 622. आता वजाबाकी करा. 26 वरून साडेसत्तावीसला गेलात तर वाढ 25 मिलिमीटरची, आणि साडेसत्तावीसवरून 29 ला गेलात तर 38 मिलिमीटरची. नावावरून वाटतं की साडेसत्तावीस बरोबर मध्ये आहे, पण ते 26 च्याच जवळचं आहे. सव्वादोन इंचाच्या आसपासचं टायर चढवलं की बाहेरून मोजलेली उंची 26 ची भरते साधारण 26.4 इंच, साडेसत्तावीसची 27.4 आणि 29 ची जवळजवळ 29. म्हणजे '26' आणि 'साडेसत्तावीस' या दोघांत उंचीत पाहिलं तर फक्त इंचभराचा फरक.

टायरच्या बाजूवर हे आकडे कोरलेले असतात. 57-622 असं काहीतरी दिसेल. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास. नवीन टायर घेताना हा दुसरा आकडा जुळला पाहिजे. इंचांवर विसंबू नका. कारण इंचांचा कारभार फार गोंधळाचा आहे. 26 आणि पुढे 2.10 असं दशांशात लिहिलेलं टायर 559 च्या रिमवर बसतं. पण 26 आणि पुढे दीड, असं अपूर्णांकात लिहिलेलं असेल तर ते 584 चं, म्हणजे आजच्या साडेसत्तावीसच्या मापाचं! आणि घरोघरी असायची ती काळी, रॉडब्रेकची सायकल आठवा. तिच्यावर लिहिलेलं असायचं 28 गुणिले दीड. तिची रिम 635 मिलिमीटरची. ज्या सायकलच्या फ्रेममधून पाय घालून कितीतरी पोरं कैची मारत शिकली, तिची रिम आजच्या 29 पेक्षा मोठी. टायर बारीक असल्यामुळे एकूण चाक मात्र लहान भरायचं, ही गोष्ट वेगळी.

मग 26 आलं कुठून? त्यामागे फारसा विचार नव्हताच. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियात, मॅरिन काउंटीमध्ये काही तरुण डोंगरउतारावरून जुन्या दणकट सायकली घेऊन सुसाट यायचे. त्या सायकलींना जाड बलून टायरं होती, श्विन कंपनीनं 1933 मध्ये अमेरिकेत रुळवलेली, 26 इंची. हाताशी होतं तेच वापरलं गेलं, आणि पुढची तीस-एक वर्षं जगभरची माउंटन बाइक 26 वरच धावली. 29 साठी खरं माउंटन टायर 1999 मध्ये आलं. साडेसत्तावीसचा गाजावाजा त्याच्याही नंतरचा. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकच्या शर्यतीत चेक प्रजासत्ताकाचा सायकलपटू कुलहावी 29 वर होता आणि स्वित्झर्लंडचा शुर्टर साडेसत्तावीसवर. सुमारे दीड तासाच्या शर्यतीत कुलहावी एका सेकंदानं पुढे आला. एका सेकंदावरून कोणतं चाक श्रेष्ठ हे काय ठरवणार? पण पुढे शुर्टर स्वतःही 29 वर गेला, हेही सांगायला हवं.

मोठ्या चाकाचा फायदा नेमका कुठे, तर अडथळा चढताना. वाटेत 10 सेंटिमीटर उंचीचा दगड आला की मोठं चाक त्याला जरा कमी कोनात भिडतं. गणित मांडून पाहिलं तर 26 साठी हा कोन येतो साधारण 45 अंश आणि 29 साठी 43. दोनच अंश! ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण खडकाळ वाटेवर तासभर शेकडो दगड चाकाखालून जातात आणि ते दोन अंश मनगटांना आणि खांद्यांना कळतात. शिवाय मोठं चाक एकदा वेगात आलं की वेग टिकवून धरतं.

किंमतही मोजावी लागते. मोठं चाक जड, त्याला पळवायला सुरुवातीला जोर जास्त. तारा लांब, त्यामुळे त्याच दर्जाचं चाक जरा जास्त लचकतं आणि लवकर औट, म्हणजे वाकडं, होतं. गिअरचंही बघा. एका फेऱ्यात 29 चं चाक 26 पेक्षा साधारण 20 सेंटिमीटर जास्त अंतर कापतं. छान वाटतं ना? चढावर तेच अंगावर येतं. 26 वर पुढे, पेडलजवळ, 32 दात्यांचं चेनव्हील असेल, तर 29 वर तितकंच हलकं वाटायला साधारण 29 दात्यांचं लागेल. स्वस्तातल्या ढिल्या 29 पेक्षा नीट ताणून बांधलेलं साडेसत्तावीसचं चाक मी केव्हाही पसंत करीन.

आता नागपुराकडे या. आपल्याकडे डोंगर किती आहेत? सेमिनरी हिलचा चढ, रामटेकच्या गडाचा चढ, बाकी बहुतेक मैदान. आपले अडथळे निराळे आहेत. सिमेंटचे रस्ते झाले, पण कडेला खाली उतरायला जागाच नाही; ट्रक मागे आला की चार-सहा इंचांची पायरी उतरायची आणि परत चढायची. उखडलेले गट्टू, रंग उडालेले ब्रेकर, पावसाळ्यात पाण्याखाली झाकलेले खड्डे. शहरात रोज जाणाऱ्या माणसाला 29 चा उपयोग डोंगरावरच्या माणसाइतकाच आहे, आणि हे मी थट्टेनं म्हणत नाही. गोरेवाड्याकडे, झिलपीकडे सकाळी फिरणाऱ्यांनाही लांब, सरळ, खडीच्या वाटेवर मोठं चाक सुखाचं जातं.

पण पाऊस पडला आणि तुम्ही शेताच्या पांदणीत शिरलात की काळी माती सगळं गणित फिरवते. ती टायरला धरते, थरावर थर चढतो आणि चाक फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात, गच्च अडकतं. तिथे चाक 26 चं की 29 चं हा प्रश्न उरत नाही. टायर आणि फोर्क यांच्यात बोटभर तरी मोकळी जागा आहे का, एवढंच महत्त्वाचं. दुकानात उभं असताना तिथे बोट घालून बघा. दुकानदार हसेल, हसू द्या.

आता उंचीचा विषय, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. साडेपाच फुटांच्या वर उंची असेल तर 29 बिनधास्त घ्या. पाच ते सव्वापाच फुटांच्या माणसासाठी, आणि आपल्याकडच्या बहुतेक बायका-मुलींसाठी, साडेसत्तावीस जास्त सोयीचं. मधल्यांनी दोन्ही चालवून बघावं. कारण असं, की लहान फ्रेममध्ये मोठं चाक बसवलं की जागा पुरत नाही. हँडल उंच जातं, आणि हळू वळताना पायाचा चवडा पुढच्या चाकाला लागतो. बर्डीच्या गर्दीत असं झालं तर सरळ आडवेच. म्हणूनच चांगल्या कंपन्या एकाच मॉडेलच्या लहान फ्रेमला साडेसत्तावीस आणि मोठ्या फ्रेमला 29 लावून देतात. तुम्हाला आकडा वेगळा मिळाला म्हणजे दुय्यम माल मिळाला असं समजू नका.

फ्रेम बसते का हे बघायची रीत सोपी. बूट घालून सायकलवर दोन्हीकडे पाय टाकून उभे राहा. वरचा दांडा आणि तुमच्यात किमान दोन इंच अंतर हवं. मग दुकानासमोरच्या रस्त्यावर, बॅग पाठीला लावून, एक चक्कर मारा आणि जितकं जमेल तितकं हळू वळा. वेगात सगळ्याच सायकली बऱ्या वाटतात.

मुलांच्या बाबतीत आईवडिलांना हात जोडून सांगते, 'दोन वर्षांत वाढेलच' म्हणून मोठी घेऊ नका. आठ-दहा वर्षांच्या पोराला 24 इंची चाक पुरतं. ज्या सायकलवरून पाय जमिनीला टेकत नाहीत, ती दोन वर्षं जिन्याखालीच धूळ खाते.

ज्यांच्या घरी जुनी 26 ची आहे, त्यांनी ती विकायला काढू नये. फ्रेम सरळ असेल आणि फोर्कमध्ये जागा असेल, तर आहे त्यापेक्षा थोडं रुंद, चांगल्या रबराचं टायर घाला आणि हवा बेतानं भरा. पंक्चरवाला सवयीनं टायर दगडासारखं होईपर्यंत कॉम्प्रेसर दाबतो. साधारण 70 किलोच्या माणसाला, दोन इंचांच्या वरच्या टायरमध्ये, कच्च्या वाटेवर 30-35 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) भरपूर झाले. डांबरी रस्त्यावर 40. एवढ्या एका बदलानं जो आराम मिळतो, तो चाकाचा आकडा बदलून मिळेलच असं नाही.

राहिले काटे. पाऊस ओसरला की सराटे वाळतात आणि रस्त्याच्या कडेला दबा धरून बसतात. बाभळीचे काटे तर बारमाही. ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेलं टायर, घेतलंत तर आतलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, आपल्या उन्हाळ्यात भराभर सुकतं, मार्च ते जून या काळात ते वरचेवर तपासा. ट्यूबवाले असाल तर एक जादा ट्यूब सोबत ठेवाच. रामटेकच्या वाटेवरच्या छोट्या दुकानात 26 ची ट्यूब बहुधा मिळेल, 29 ची मिळेलच असं नाही. अशा वेळी घाबरू नका. साडेसत्तावीसची ट्यूब 29 च्या टायरमध्ये ताणून बसते आणि 26 ची साडेसत्तावीसमध्ये. कायमची सोय नव्हे, पण घरी पोचवते. फक्त वॉल्व्ह बघून घ्या: तुमच्या रिमचं भोक बारीक, प्रेस्टा वॉल्व्हचं असेल, तर मोटरसायकलसारखा जाड वॉल्व्ह त्यातून जाणार नाही. हे दुकानातून निघण्याआधीच विचारून ठेवा.

नमस्कार.