टर्बोची धग: रॅप, कोटिंग आणि तो काढून ठेवलेला पत्रा

(हातात वायरचा तुकडा, कॅमेरा अगदी जवळ)

नमस्कार मंडळी. आधी ही वायर बघा. वरचं आवरण वितळून एका बाजूला ओघळलंय आणि इथे, माझ्या नखाजवळ, आतली तांब्याची तार उघडी पडलीय. माझ्याच गाडीच्या ऑक्सिजन सेन्सरची वायर आहे ही. मे महिन्यात माणगावहून पुण्याकडे येताना ताम्हिणी घाटात चेक इंजिनचा दिवा लागला. बॉनेट उघडलं तर जळक्या प्लॅस्टिकचा वास.

कारण साधं होतं. दोन आठवड्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये टर्बोजवळचं काम झालं. टर्बो म्हणजे इंजिनमधून बाहेर पडणाऱ्या गरम वायूने फिरणारा आणि इंजिनमध्ये जास्त हवा कोंबणारा पंखा. तेव्हा टर्बोवरचा पत्रा, म्हणजे हीट शील्ड, काढला होता. त्याचे दोन बोल्ट गंजून तुटले आणि पत्रा परत बसलाच नाही. मी विचारलं तर उत्तर मिळालं, "काही होत नाही साहेब, त्याच्याशिवायही चालते गाडी." चालली, घाट लागेपर्यंत.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलोय. कमेंटमध्ये तुम्ही सतत विचारता की टर्बो गाडीला एक्झॉस्ट रॅप, म्हणजे धुराच्या पाईपला गुंडाळायची पट्टी, लावू का, सिरॅमिक कोटिंग करू का. आज त्यावर सविस्तर बोलू.

आधी ही उष्णता येते कुठून ते बघा. पेट्रोल जळून जेवढी ऊर्जा मिळते, तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा सायलेन्सरच्या वाटेने बाहेर जातो. टर्बो पेट्रोल इंजिन जोरात चालत असताना टर्बाइनच्या, म्हणजे वायूने फिरणाऱ्या टर्बोतल्या चाकाच्या, तोंडाशी वायूचं तापमान 900 ते 950 अंश सेल्सिअसपर्यंत जातं. डिझेलमध्ये ते बरंच कमी असतं. लांब चढ जोरात चढून आलात आणि रात्री बॉनेट उघडलंत, तर टर्बाइनचं बिडाचं घर लालसर दिसू शकतं.

इतक्या तापलेल्या वस्तूला आजूबाजूचं काही भाजायला स्पर्श करावा लागत नाही. हुरड्याच्या शेकोटीपाशी बसलात की नडगीला चटका बसतो, आणि मध्ये कुणी सूप धरलं की लगेच हायसं वाटतं ना? हवा तीच असते. थांबतो तो उष्णतेचा झोत. हा झोत तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतो, केल्व्हिनमध्ये मोजलं तर. म्हणजे पृष्ठभाग 500 अंशांवरून 700 वर गेला की झोत थोडाथोडका नाही, अडीच पट होतो. कंपनीने बसवलेला तो पातळ, खडबडीत ॲल्युमिनियमचा पत्रा त्या सुपाचंच काम करतो. चकचकीत बाजूने झोत परतवतो आणि मागे सोडलेल्या फटीतून वारा खेळता ठेवतो. मॅकलरेन एफ1 या गाडीत इंजिनच्या खणाला सोन्याचा वर्ख लावला होता, तोही याचसाठी. उष्णतेचे किरण परतवण्यात सोनं फार चांगलं.

आता रॅप.

(टेबलावर पट्टीचं भेंडोळं)

ही 2 इंची विणलेली पट्टी. एक प्रकार काचेच्या धाग्यांचा, दुसरा बेसॉल्टचा. बेसॉल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा दगड. हा दगड वितळवून त्याचे धागे ओढतात. 'टायटॅनियम' नावाने जो सोनेरी-तपकिरी रॅप विकला जातो, तो असा लाव्हाच्या दगडाचा असतो, धातूचा नाही.

रॅपमुळे उष्णता पाईपच्या आत राहते, हे अगदी खरं. टर्बोच्या आधीच्या पाईपवर असेल तर टर्बाइनला जास्त ऊर्जा मिळते आणि टर्बो थोडा लवकर जागा होतो. बॉनेटखालची हवाही निवते. इंजिनमध्ये जाणारी हवा 10 अंशांनी थंड झाली तर तिची घनता सुमारे 3 टक्के वाढते. पण रोजच्या गाडीत ही हवा ग्रिलमागून येते आणि पुढे इंटरकूलरमधून, म्हणजे ती थंड करणाऱ्या जाळीतून, जाते. त्यामुळे ताकद वाढेल या आशेने रॅप लावणार असाल तर पैसे वाचवा.

रॅपची दुसरी बाजू मात्र दुकानात कुणी सांगत नाही. उघडा पाईप हवेला उष्णता देऊन स्वतः थोडा निवत असतो. त्याला गुंडाळलं की धातू आतल्या वायूइतका तापायला लागतो. मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरमधला वायू गोळा करणारा पाईप, पातळ 304 जातीच्या स्टेनलेसचा असेल तर वेल्डिंगपाशी तडे जातात. बिडाचा असेल तर पापुद्रे सुटतात. 321 स्टेनलेस जास्त टिकतं, पण ते रेसिंगच्या महागड्या सामानात सापडतं.

मग आपला पाऊस. टर्बोतून खाली उतरणाऱ्या पाईपचा, म्हणजे डाऊनपाईपचा, खालचा भाग रस्त्याजवळ असतो. खड्ड्यातलं पाणी उडतं, पट्टी ते शोषून घेते आणि गाडी उभी राहिली की तो ओलावा पाईपला बिलगून बसतो. साधं लोखंड असेल तर एकदोन पावसाळ्यांत रॅपच्या आत नुसता गंज. आणि तो दिसतही नाही, कारण वरून पट्टी छान घट्ट असते. कोकणात, गोव्यात, जिथे हवाच खारी आहे, तिथे मी रोजच्या गाडीला रॅप लावायला अजिबात सांगणार नाही.

सगळ्यात धोक्याचं म्हणजे तेल. व्हॉल्व्ह कव्हरचं पॅकिंग झिरपत असेल आणि ते तेल पट्टीत मुरलं, तर ती पट्टी राहत नाही, वात होते. निरांजनातली वात! इंजिनला तेलाची गळती असेल तर आधी ती बंद करा, बाकी सगळं नंतर. धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरलाही पट्टी गुंडाळू नका. तो स्वतःच उष्णता तयार करतो, त्याला श्वास घ्यायला जागा हवी. लावताना हातमोजे, पूर्ण बाह्या आणि मास्क वापरा, हे धागे कातडीत रुततात. पहिल्यांदा तापताना धूर येतो. तेवढ्यापुरती गाडी उघड्यावर उभी करा.

आता कोटिंग. इथे आपल्याकडे नावाचाच घोळ आहे. सिरॅमिक कोटिंग म्हटलं की डिटेलिंगवाला रंगावरच्या चकाकीबद्दल बोलायला लागतो. एक्झॉस्टच्या कोटिंगशी त्याचा काडीचा संबंध नाही. आणि एक्झॉस्टच्या कोटिंगमध्येही दोन जाती आहेत. एक फवारायचा पातळ थर, साधारण 25 मायक्रॉनचा. हा गंज थांबवतो, आणि रुपेरी असेल तर बाहेर पडणारा झोत कमी करतो. दुसरा झिर्कोनियाचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या सिरॅमिकचा थर, प्रचंड तापलेल्या वायूच्या झोताने (प्लाझ्मा स्प्रेने) मारलेला. विमानाच्या जेट इंजिनातल्या टर्बाइन पात्यांवर असतो त्याच घराण्यातला. झिर्कोनियातून उष्णता बिडापेक्षा वीस-तीस पटींनी हळू जाते, म्हणून 0.3 मिलिमीटरचा थरही काम करतो. पण त्यासाठी भाग गाडीतून काढून, वाळूच्या माऱ्याने साफ करून, आधी धातूचा एक थर चढवावा लागतो. त्यामुळे इंजिन उघडलेलं असेल तेव्हाच हा विचार करा. कोटिंग पट्टीसारखं ओलावा धरत नाही, तेल शोषत नाही. पावसात राहणाऱ्या गाडीला रॅपपेक्षा मला हेच पसंत आहे.

इथे एक प्रयोग दाखवतो, कारण यात भरपूर लोक फसतात.

(गॅसवर स्टीलचं पातेलं, पाणी उकळतंय)

पातेल्याच्या बाहेर ही काळी इलेक्ट्रिकल टेप चिकटवलीय. इन्फ्रारेड गन, म्हणजे लांबूनच तापमान मोजणारं यंत्र, चकचकीत स्टीलवर धरतो: 45 च्या आसपास. आता टेपवर: 90 च्या वर. पातेलं एकच, पाणी एकच! चकचकीत पृष्ठभाग स्वतःची उष्णता कमी फेकतो आणि समोरच्या वस्तूंची परतवतो, म्हणून गनला तो थंड वाटतो. कोटिंग केल्यावर "बघा, 150 अंश कमी झालं" असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. रुपेरी कोटिंगवर गन धरली तर तो आकडा खरा मानू नका. थर्मोकपल, म्हणजे वस्तूला चिकटवून तापमान मोजायची तार, घ्या आणि ज्या वायरची, ज्या होजची काळजी वाटते तिथे लावा. कमी व्हायला हवंय ते तिथलं तापमान.

टर्बो ब्लँकेट, म्हणजे टर्बोवर घालायची उष्णतारोधक गोधडी, लावायचं असेल तर फक्त टर्बाइनच्या बाजूला, म्हणजे गरम बाजूला. मधल्या बेअरिंगच्या घरावर येऊ देऊ नका. तिथे तेल आणि बहुतेक गाड्यांत कूलंट फिरतं. इंजिन बंद केल्यावर तिथली उष्णता कोंडली तर तेलाचा कोळसा होतो. वेस्टगेटची, म्हणजे जास्तीचा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेची, दांडी मोकळी हलते का, तेही हाताने तपासा.

माझी गाडी 1.0 टीएसआय (फोक्सवॅगन-स्कोडाचं छोटं टर्बो पेट्रोल इंजिन) आहे, रॅप कुठून सुरू करू, असं फार जण विचारतात. त्या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड वेगळा नसतोच. तो सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो आणि त्याच्याभोवती कूलंट फिरतं. टर्बो थेट हेडला बसतो. उष्णतेचा बंदोबस्त कंपनीने आधीच केलाय, गुंडाळायला पाईपच नाही. तुमचं काम एकच, शील्ड जागेवर ठेवणं.

माझ्या गाडीला मी शेवटी एवढंच केलं. तुटलेले बोल्ट ड्रिल करून काढून घेतले, आटे नीट केले, नवा पत्रा मागवला आणि स्टेनलेसचे बोल्ट अँटी-सीझ (आटे अडकू न देणारी पेस्ट) लावून बसवले. नव्या वायरला उष्णतारोधक स्लीव्ह चढवली आणि तिला टर्बोपासून चार बोटं लांब बांधलं. जूनमध्ये त्याच घाटातून परत आलो. घाटमाथ्यावर थांबून बॉनेट उघडलं आणि स्लीव्हला बोट लावलं. कोमट होती.

(कॅमेरा गाडीखाली)

हा तो पत्रा. हा कोपरा बघा, इथे थोडा वाकलाय आणि खडखडतोय. तेवढा सरळ करतो आणि गाडी खाली घेतो.