काळा घोड्याचा बिडाचा सांगाडा

श्रोतेहो, नमस्कार. मुंबईत काळा घोडा चौकाजवळ, डेव्हिड ससून ग्रंथालयाजवळ, एस्प्लनेड मॅन्शन नावाची इमारत आहे. जुनं नाव वॉटसन्स हॉटेल. जॉन वॉटसन हा कापडाचा व्यापारी. बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना किल्ल्याचे तट पाडले गेले, तिथली मोकळी जमीन विक्रीला निघाली आणि वॉटसनने भूखंड घेतला. 1867 ते 1869 या काळात इमारत उभी राहिली.

आराखडा इंग्लिश अभियंते रोलंड मेसन ऑर्डिश यांचा. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाच्या छपराच्या कामातही ते होते. वॉटसनसाठी त्यांनी आखलेला लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये तयार झाला आणि सुटे भाग जहाजाने मुंबईला आले. इथे फक्त जुळवणी. खांब, तुळया, सांध्याला बोल्ट, आणि मधल्या चौकटींत विटा. भिंतींवर इमारतीचा भार नाही. सगळं वजन खांब पेलतात. शिकागोची होम इन्शुरन्स बिल्डिंग, जिला बरेच जण पहिली गगनचुंबी इमारत मानतात, ती 1885 ची. म्हणजे हा विचार काळा घोड्याला पंधराएक वर्षं आधीच उभा होता.

हॉटेलात 7 जुलै 1896 ला फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या सहा छोट्या चित्रफिती दाखवल्या गेल्या, तिकीट 1 रुपया. त्याच वर्षी अमेरिकन लेखक मार्क ट्वेन इथे उतरले होते. जमशेटजी टाटांना इथे प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही गोष्ट मात्र जपून सांगावी. तिला भक्कम पुरावा नाही.

आता मुद्द्याचं. खांब बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे. बिडाचा तवा हातातून पडला की वाकत नाही, तडकतो, हे घराघरांत ठाऊक आहे. कारण त्यात 2 ते 4 टक्के कार्बन असतो. बीड दाब उत्तम सोसतं, ताण मात्र त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकाच. म्हणून उभ्या खांबाला ते चालतं. तुळईच्या खालच्या अंगावर ताण येतो, तिथे घडीव, म्हणजे ठोकून घडवलेलं लोखंड हवं. ते आधी वाकतं, म्हणजे निदान सूचना देतं.

सज्जा बाहेर झेपावलेला असतो, त्यामुळे त्याचा ताण भिंतीलगत, वरच्या अंगाला येतो. पाऊस साचायची जागाही नेमकी तीच. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहा-सात पटीपर्यंत जागा घेतो. तो सांध्यात फुगला की बोल्ट ताणतो, पट्ट्या उचकटतो. शिवाय इथे सज्जा बंद करून खोली केलेली, त्यात कपाटं, फरशी, पाण्याची टाकी. 1960 च्या दशकात हॉटेल बंद झाल्यावर इथे गाळे पडले, जवळच कोर्ट असल्यामुळे वकिलांची कार्यालयं आली. पोटमाळे आणि फायली यांचं वजन मूळ हिशेबात नव्हतं. 2005 मध्ये पश्चिमेकडच्या सज्जाचा भाग कोसळला आणि एकाचा जीव गेला. 2019 मध्ये इमारत रिकामी करण्यात आली. मग पाडायची की दुरुस्त करायची, यावर तज्ज्ञांतच दुमत झालं.

दुरुस्तीचा क्रम असा लागतो. आधी टेकू द्यायचे, वरची अनावश्यक ओझी काढायची, छप्पर आणि पन्हळी गळतीमुक्त करायच्या. पाणी थांबल्याशिवाय रंगाला हात लावू नये. खाली गंज चालूच राहतो आणि वरून रंग शाबूत दिसतो, याच्याइतकं फसवं काही नाही. मग जुने थर खरवडून प्रत्येक खांबाची जाडी अल्ट्रासॉनिक यंत्राने मोजायची. पोकळ खांब ओतताना साच्यातला, पोकळी राखणारा गाभा सरकला असेल तर एका बाजूची भिंत पातळ निघते, म्हणून चारही अंगांनी मोजमाप हवं. तडा दिसला की साधं वेल्डिंग करायचं नाही: बीड एकाच जागी तापतं, थंड होताना शेजारीच नवा तडा जातो. तड्याच्या आडवे खाचे पाडून धातूच्या चाव्या ठोकायच्या, म्हणजे थंडच टाके घालायचे, नाहीतर बाहेरून पोलादी पट्टा आवळायचा. गंजलेले बोल्ट एकेक करून बदलायचे, सगळे एकदम सैल करायचे नाहीत. विटांच्या सांध्यांत चुना भरायचा. घट्ट सिमेंट ओल आत कोंडतं, आणि ती ओल शेजारच्या खांबाच्या पाठीला जाऊन बसते, जिथे ब्रश पोचत नाही.