आग्नेय आशियातली क्रूझ : घड्याळ जहाजाचं लावा

श्रोतेहो, नमस्कार.

क्रूझवर जायचं ठरलं की पहिली चौकशी होते जेवणाची आणि दुसरी बाल्कनीची. जहाज जिथे लागणार ते बंदर गावापासून किती लांब आहे, हे कुणी विचारत नाही. आग्नेय आशियात तर दिवस चांगला जाणार की फुकट, हे याच एका उत्तरावर ठरतं.

बँकॉकचंच बघा. सहलीच्या कागदावर ‘बँकॉक’ असं ठळक छापलेलं असतं, आणि जहाज लागतं लेम चबांगला. तिथून बँकॉक सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. रस्ता मोकळा मिळाला तर दोन तास, नाही मिळाला तर तीन. जाऊन-येऊन पाच-सहा तास गाडीतच जातात. असं का? बँकॉकचं जुनं बंदर क्लोंग तोई हे चाओ फ्राया नदीत आत आहे. तिथे १७२ मीटरपेक्षा लांब जहाज घेत नाहीत आणि पाण्याखाली ८.२ मीटरपेक्षा जास्त बुडालेलंही चालत नाही. हल्लीची मोठी क्रूझ जहाजं तर ३०० मीटरच्याही पुढची. ती नदीत शिरणार कशी?

हो चि मिन्ह सिटीचं तेच. मोठं जहाज थांबतं फू मीला, तिथून शहर दीड-दोन तास. ‘हनोई’ म्हणजे हा लाँग, दीडशेहून जास्त किलोमीटर. ‘क्वालालंपूर’ म्हणजे पोर्ट क्लांग, चाळीसेक किलोमीटर. याच्या अगदी उलट पेनांग. तिथला स्वेटनहॅम पिअर थेट जॉर्ज टाउनच्या अंगणात आहे. जहाजातून उतरलं की दहा-पंधरा मिनिटांत तुम्ही त्या जुन्या गल्ल्यांमध्ये. २००८ साली युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलेलं हे शहर पायी बघता येतं, आणि चिनी घराण्यांच्या पाण्यावरच्या वस्त्याही चालत गाठता येतात. तिथे पाचशे रुपयांची सोय पाच हजारांना विकणाऱ्या बससहलीत बसू नका.

माझं मत विचाराल तर लेम चबांगहून बँकॉक करूच नये. बँकॉकसाठी वेगळे चार दिवस काढावेत. त्या दिवशी जवळच्या पट्टायाचं सँक्चुअरी ऑफ ट्रूथ बघावं. सगळी इमारत लाकडाची, १९८१ पासून बांधताहेत आणि कोरीवकाम अजून चालूच आहे. आणि हो, बाल्कनीवर पैसे घालू नका. त्या दमट हवेत पाच मिनिटांत माणूस आत येतो. तेच पैसे गावात हिंडायला ठेवा.

तर पहिली गोष्ट, बंदर गावापासून किती लांब. दुसरी गोष्ट, घड्याळ कुणाचं. आणि इथे मला एक गोष्ट सांगायचीच आहे. ज्यांनी आधी ऐकली असेल, त्यांनी पुन्हा ऐका.

एक निवृत्त जोडपं. आपण त्यांना काका-काकू म्हणू. सिंगापूर, पेनांग, फुकेत, मग एक दिवस नुसता समुद्र आणि पाचव्या सकाळी परत सिंगापूर, अशी चार रात्रींची नेहमीची सहल. काका चोख माणूस. फोनमध्ये नकाशे, तिकिटांचे फोटो, सगळं काही. काकूंच्या हातात जुनं किल्लीचं घड्याळ. सिंगापूरच्या विमानतळावर उतरल्यावर भिंतीवरच्या घड्याळाशी लावून घेतलं, ते शेवटचं.

आता वेळेचा हिशेब ऐका. सिंगापूर आणि मलेशिया एका वेळेवर चालतात. थायलंड त्यांच्यापेक्षा एक तास मागे. मलेशियाचं पेनांग आणि थायलंडचं फुकेत नकाशावर शेजारी-शेजारी, तरी एका तासाचा फरक. १ जानेवारी १९८२ पासून मलेशियाच्या द्वीपकल्पाने घड्याळ अर्धा तास पुढे घेतलं, सिंगापूरही मागोमाग गेलं, आणि थायलंड होतं तिथेच राहिलं. चार रात्रींच्या छोट्या सहलीत जहाज पुष्कळदा घड्याळ बदलतच नाही. बाहेर थायलंड असलं तरी आत सिंगापूरचीच वेळ. आदल्या रात्री केबिनमध्ये जो दिवसाचा कागद येतो त्यावर हे लिहिलेलं असतं.

फुकेतला जहाज पातोंगच्या खाडीत नांगर टाकून उभं. किनाऱ्यावर मोठ्या जहाजासाठी धक्का नाही, त्यामुळे छोट्या नौकांनी जायचं. या नौकांना टेंडर म्हणतात. शेवटची टेंडर साडेचारला, जहाज सुटणार साडेपाचला. काका-काकू किनाऱ्यावर उतरले, फोनने थायलंडचं नेटवर्क पकडलं आणि वेळ आपोआप एक तास मागे गेली. काकांच्या ते लक्षातही आलं नाही.

टॅक्सीने दोघं जुन्या फुकेत गावात गेले. थलांग रोडवर चिनी-पोर्तुगीज धाटणीची रंगीत घरं बघितली. मग ओ-एव खायला बसले. ओ-एव म्हणजे किसलेला बर्फ, त्यात थरथरती जेली आणि वर लाल सरबत. फुकेतची खास चीज. काकूंनी चमचा ठेवला आणि मनगट बघितलं.

“अहो, तीन वाजून वीस झाले. उठूया का?”

काकांनी फोन बघितला. “अगं, दोन वीस. थायलंड एक तास मागे असतं. तू घड्याळ लावायला विसरलीस.”

“पण कागदावर तर होतं, घड्याळं बदलू नका म्हणून.”

“ते जहाजावर बसून राहणाऱ्यांसाठी.”

श्रोतेहो, गंमत अशी की काकांचं म्हणणं खोटं नव्हतं. थायलंडमध्ये दोन वीसच झाले होते. फक्त त्यांचं जहाज थायलंडमध्ये नव्हतं.

काकू गप्प बसल्या. बसल्या म्हणजे, आणखी दोन दुकानं बघितली. काकांनी पुरेसा वेळ हाताशी ठेवून बरोबर सव्वातीनला टॅक्सी केली. त्यांच्या फोनवरच्या सव्वातीनला! गावातून पातोंग पंधराएक किलोमीटर, पण मधे डोंगर, रस्ता वळणांचा आणि दुपारनंतर तुंबलेला. पन्नास मिनिटं लागली. पोचले तेव्हा फोनवर चार वाजून पाच मिनिटं. काका म्हणाले, “बघ, पंचवीस मिनिटं हातात आहेत.”

वाळूवर जहाजाचा तंबू नव्हता. सकाळी थंड पाण्याची पिंपं ठेवली होती ती नव्हती. समोर खाडीत जहाज मात्र दिसत होतं, अगदी ऐटीत उभं. आणि त्याच्या अंगाला एक टेंडर दोरांवर वर वर चढत होती. काकूंच्या घड्याळात पाच वाजून पाच.

लोक मला विचारतात, जहाज समोर आहे, मग दहा मिनिटं थांबायला काय झालं? टेंडर म्हणजे जहाजाच्या बचावनौकाच. त्या सगळ्या वर खेचून जागेवर बांधल्याशिवाय जहाज हलत नाही. एकेकीला वेळ लागतो. जहाजाला वाट दाखवून बाहेर काढणाऱ्या पायलटची वेळ ठरलेली, पुढच्या बंदराची ठरलेली. दोन माणसांसाठी हजारोंना थांबवत नाहीत. भाड्याची होडी करून जहाजाला लागू म्हणाल, तर कुणी वर घेत नाही.

मग वाळूत उभा असलेला एक माणूस पुढे आला आणि त्याने दोघांची नावं बरोबर उच्चारली. हा पोर्ट एजंट, म्हणजे जहाज कंपनीचा बंदरावरचा माणूस. जहाजात शिरताना-उतरताना आपलं कार्ड यंत्रावर टेकवतात ना, त्यावरून कोण परत आलं नाही हे लगेच कळतं. आधी नावं पुकारतात. मग राहिलेल्यांचे पासपोर्ट काढून एजंटच्या हाती देतात. या भागातल्या सहलींत चढतानाच पासपोर्ट जहाज स्वतःकडे ठेवून घेतं, असं पुष्कळदा होतं. दोघांचे पासपोर्ट त्या माणसाच्या हातात, एका पाकिटात.

पुढचे चोवीस तास सगळे स्वखर्चाने. एजंटबरोबर इमिग्रेशन, रात्रीचं हॉटेल, दुसऱ्या दिवशीचं सिंगापूरचं विमान. सिंगापूरचा व्हिसा एकाहून जास्त वेळा जाण्याचा होता म्हणून निभावलं. सिंगापूरला शिरण्याआधी तीन दिवसांच्या आत जे अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं, ते त्यांनी जहाजाच्या नावाने भरलं होतं. ते रात्री पुन्हा, विमानाच्या क्रमांकाने भरलं. काकांची रक्तदाबाची गोळी केबिनमध्ये. काकूंच्या पर्समध्ये मात्र एक पट्टी होती. काकू बोलल्या काही नाहीत. नुसती गोळी पुढे केली.

विमान दोन तासांत सिंगापुरात. जहाज यायला अजून एक रात्र बाकी. पाचव्या सकाळी दोघं मरीना बे क्रूझ सेंटरला उभे, आपल्याच जहाजाची वाट बघत, बॅगा घ्यायला. आणि फोन काढून काका म्हणाले, “आठ वाजले.” काकूंनी मनगट पुढे केलं. आठच वाजले होते.

तर पुन्हा सांगते. जहाजाची वेळ. फोनवर ‘वेळ आपोआप बदला’ हे बंद करा, किंवा साधं मनगटी घड्याळ लावा आणि कागदावर सूचना आल्याशिवाय त्याला हात लावू नका. एजंटचा नंबर त्याच कागदावर असतो, त्याचा फोटो काढा. उतरताना पासपोर्टची प्रत, बँकेचं कार्ड आणि दोन दिवसांची औषधं अंगावर ठेवा. जहाजाची स्वतःची सहल उशिरा परतली तर जहाज थांबतं, तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. म्हणून माझा नियम सोपा आहे. लांबच्या बंदराला जहाजाची सहल घ्या आणि जवळच्या बंदराला आपले आपण हिंडा.

वेळ संपत आली, बाकीचं भराभर सांगते.

कधी जावं? अंदमान समुद्राची बाजू, म्हणजे फुकेत आणि लंकावी, मे ते ऑक्टोबर खवळलेली असते. लाटा मोठ्या असल्या तर टेंडर रद्द, म्हणजे ते बंदरच रद्द. व्हिएतनामच्या मधल्या किनाऱ्याचं उलट. तिथे नोव्हेंबर ते जानेवारी ईशान्येचं वारं असतं, आणि न्हा ट्रांग, चान मे ही बंदरं तेव्हा हुकू शकतात. मलाक्काची सामुद्रधुनी मात्र सुमात्राच्या आडोशाला असल्याने बहुतेक शांत. ज्यांना बोट लागते त्यांनी तिथूनच सुरुवात करावी, आणि केबिन खालच्या डेकवर, जहाजाच्या मधोमध घ्यावी.

टेंडरसाठी सकाळी क्रमांक घ्यावा लागतो आणि जहाजाच्या सहलीवाल्यांना आधी सोडतात. नौका आणि जहाज दोन्ही हलत असतात, मधे एक पाऊल टाकायचं असतं. गुडघे दुखणाऱ्यांनी खलाशाचा हात धरायचा, लाजायचं नाही.

सिंगापुरात क्रूझची टर्मिनलं दोन आहेत, मरीना बे आणि हार्बरफ्रंट. तिकिटावर कुठलं आहे ते बघूनच टॅक्सीत बसा. व्हिएतनामच्या ई-व्हिसाच्या अर्जात प्रवेशाचं ठिकाण विचारतात, तिथे जहाज लागणारं बंदर निवडा, विमानतळ नको. आणि तिथल्या नोटा उजेडात वाचून द्या. वीस हजार डाँगची नोट निळी, पाच लाखांचीही निळी, दोन्ही प्लॅस्टिकच्या. टॅक्सीच्या अंधारात नेमकी चुकीची जाते.

लंकावीला करमुक्त दारू स्वस्त मिळते म्हणून बाटल्या घेतात. जहाज त्या गँगवेवर, म्हणजे चढायच्या दारातच, ठेवून घेतं आणि शेवटच्या दिवशी परत देतं. पण मलेशियाहून थेट सिंगापुरात आलात तर दारूवर करमाफी नाही. वेपची, म्हणजे ई-सिगारेटची, उपकरणं सिंगापूर आणि थायलंड दोन्हीकडे बंद. इस्त्री, किटली आणि एक्स्टेन्शन बोर्ड जहाजाच्या दारातच काढून घेतात. डेकवरच्या खुर्चीवर टॉवेल टाकून दिवसभर गायब होणाऱ्यांचेही टॉवेल काढून घ्यायला हवेत, पण तसं कुणी करत नाही.

समुद्रात फोन एअरप्लेन मोडवर. नाहीतर तो जहाजावरचं उपग्रहाचं नेटवर्क पकडतो आणि बिल घरी आल्यावर कळतं.

आणि शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात, त्या थेट धक्क्यावरच मिळतात. सकाळी घालायचे कपडे आणि चपला आधी बाजूला काढा. दर सहलीत एक तरी जण रात्रीच्या पायजम्यात सिंगापूरला उतरतो.

नमस्कार.