आधी सेटिंग, मग जॉब

[दृश्य: कंट्रोलरच्या डाव्या स्टिकवर टेकलेला अंगठा, अगदी जवळून. त्यावर टीव्हीचा निळसर उजेड.]

हा अंगठा बघा. नखाच्या कडेला काळी रेघ आहे. ती बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या भुकटीची आणि मशिन थंड ठेवणाऱ्या कूलंटची. दोनदा साबण लावला तरी जात नाही. दिवसभर हा अंगठा शिरोली एमआयडीसीत सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशिनच्या पॅनेलवर असतो आणि रात्री जेवणं उरकली की राजारामपुरीतल्या घरी या स्टिकवर येतो. अंगठ्याचा मालक कामाने सेटर आहे, म्हणजे जॉब (घडवायचा भाग) कापायला घेण्याआधी मशिन जुळवून देणारा. गल्लीतली पोरंही त्याला सेटरच म्हणतात, आपणही तेच म्हणू.

समोर टीव्हीवर शर्यतीच्या गेममधलं एक यान आहे. चाकं नाहीत. ट्रॅकच्या हातभर वर ते तरंगतंय आणि वेगाचा आकडा ताशी १००० किलोमीटरच्या आसपास थरथरतोय.

जरा हिशेब करू. ताशी १००० म्हणजे सेकंदाला २७८ मीटर. गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, म्हणजे एका चित्रातून दुसऱ्या चित्रात यान साडेचार मीटर पुढे सरकलेलं असतं. डोळ्याने पाहून बोट हलायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात सत्तर मीटर गेले. वळण दिसलं म्हणून वळायला गेलात, तर तुम्ही भिंतीतच.

मग हा मुलगा भिंतीत का जात नाही? आम्हाला वाटलं होतं, सराव. तो म्हणाला, "सराव हायच की. पण आधी सेटिंग. सेटिंग नीट नसंल तर कितीबी जॉब काढा, रिजेक्टच जाणार."

[दृश्य: शिवाजी उद्यमनगर. पत्र्याची शेड, जुना लेथ.]

हे सेटरचे वडील, आप्पा. उद्यमनगरात त्यांची छोटी शेड आहे. लेथ त्यांच्याहून थोडाच तरुण. कोल्हापूरच्या बाहेर हे शहर तालमींचं आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं. पण इथल्या निम्म्या घरांत कुणी ना कुणी फौंड्रीत नाहीतर मशिन शॉपमध्ये असतोच, आणि चहाच्या गाड्यावर मायक्रॉनवरून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागावरून वाद होतात.

आप्पांनी आम्हाला क्रॉस स्लाइडचं, म्हणजे टूल पुढे-मागे सरकवणाऱ्या भागाचं हँडल फिरवायला लावलं. आधी उजवीकडे फिरवलं, टूल पुढे गेलं. मग उलट डावीकडे. हँडल फिरलं, डायलवरच्या आठ-दहा रेघा सरकल्या आणि टूल जागेवरच. मग एकदम हललं.

"ह्याला प्ले म्हणत्यात," आप्पा म्हणाले. "स्क्रू झिजला, नट झिजला, की येतो. लई काढायला गेलासा तर हँडल जाम हुतंय. थोडा ठेवावाच लागतो."

कंट्रोलरच्या स्टिकलाही असाच प्ले असतो, फक्त तो मुद्दाम दिलेला असतो. त्याचं नाव डेडझोन. स्टिक मधल्या जागेपासून इतकी हलेपर्यंत गेमने लक्षच द्यायचं नाही, असा ठरवून दिलेला पट्टा. तो लागतो, कारण अंगठा उचलल्यावर कुठलीच स्टिक दरवेळी नेमकी मध्यावर येऊन थांबत नाही. कंट्रोलरचे आकडे गेमला पोचवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या एक्सइनपुटमध्ये स्टिकची पूर्ण धाव ३२७६७ आकड्यांची आहे आणि डाव्या स्टिकसाठी सुचवलेला डेडझोन ७८४९. भागाकार करून बघा, जवळजवळ २४ टक्के! पाव धाव वायाच. सगळ्यांच्या, नव्या-जुन्या कंट्रोलरला चालावा म्हणून तो एवढा मोठा ठेवलाय. मारामारीच्या गेममध्ये तो कळतही नाही. पण हजाराच्या वेगात सरळ रस्त्यावर यान केसभर डावीकडे घ्यायचं असतं, तेव्हा पाव धाव काहीच होत नाही आणि मग एकदम झटका बसतो. आप्पांच्या लेथसारखाच.

[दृश्य: टेबलावर जॉब कार्डाची मागची बाजू, पेन्सिल.]

सेटरची पद्धत बघण्यासारखी आहे. स्टीम या गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये स्टिकची जागा दाखवणारा ठिपका असतो. तो स्टिक एका टोकाला ढकलतो आणि टचकन सोडतो. ठिपका कुठे थांबला ते जॉब कार्डाच्या मागे लिहितो. चार टक्के. पुन्हा. सहा. पुन्हा. पाच. डावीकडून दहा वेळा, उजवीकडून दहा वेळा. सगळ्यांत वाईट आकडा सहा निघाला. त्यात दोन वाढवले, डेडझोन आठ. संपलं. या कामाला त्याला सात मिनिटं लागली. आमच्या कॅमेरामनला मधेच जांभई आली, हेही नोंदवून ठेवतो.

पुढे हा आकडा वाढत जातो. बहुतेक स्टिकच्या पोटात पोटेंशियोमीटर असतो, म्हणजे कार्बनच्या पट्टीवर घासत फिरणारी एक जीभ. जुन्या रेडिओच्या आवाजाचं बटण फिरवलं की खरखर यायची, ती याच झिजेची. चुंबकावर चालणाऱ्या हॉल सेन्सरला अशी घासाघीस नाही. ही काही आजची हुशारी नव्हे, १९९८ च्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये सेगाने तेच वापरलं होतं. मग इतरांनी इतकी वर्षं पट्ट्या का घासत ठेवल्या, याचं उत्तर बहुधा किमतीत आहे.

आता एक बारीक गोष्ट, जी आम्हाला सेटरने अंगठा धरून दाखवली. अंगठा सरळ रेषेत हलत नाही. त्याचा सांधा मनगटाजवळ आहे, त्यामुळे तो कंसात फिरतो. तुम्हाला वाटतं आपण स्टिक निव्वळ डावीकडे नेली, पण ती किंचित वरही गेलेली असते. साध्या गाडीच्या गेममध्ये वर-खाली काहीच नसतं, म्हणून चालून जातं. तरंगत्या यानाच्या बहुतेक गेममध्ये मात्र त्याच स्टिकने यानाचं नाक वर-खाली होतं. प्रत्येक वळणावर नाक थोडं खाली, पोट थोडं घासलं, वेग थोडा गेला. माणूस यानाला शिव्या देतो, आणि चूक अंगठ्याच्या हाडाची असते! सेटरने उभ्या दिशेचा डेडझोन वेगळा काढून वीसवर नेलाय. आडव्याला आठ, उभ्याला वीस. नाक हलवायचं तर मुद्दाम हलवायला लागेल.

मग येतो प्रतिसादाचा वक्र. स्टिक अर्धी ढकलली तर यान अर्धं वळावं, ही झाली सरळ रेघ. वक्र लावला तर अर्ध्या स्टिकला पाव वळण आणि टोकाला गेल्यावर पूर्ण. मधला भाग मऊ, टोक कडक. सरळ रस्त्यावर हात स्थिर राहतो. पण नागमोडी वळणात डावीकडून उजवीकडे जाताना अंगठ्याला टोकापासून टोकापर्यंत धावायला लागतं. दोन्ही हातात येत नाही. सेटरने सुरुवातीला एका पट्टीच्या खेळाडूचे सगळे आकडे व्हिडिओत बघून जसेच्या तसे उतरवले होते. आठवडाभर भिंती खाल्ल्या. सांगताना तोच हसत होता, "दुसऱ्याच्या मशिनचा ऑफसेट, म्हंजे टूलच्या मापाचा आकडा, आपल्या मशिनला घातला तर टूल तुटणारच की!"

[दृश्य: हॉल. टीव्हीसमोर आई, हातात रिमोट.]

घरातलं खरं भांडण मात्र टीव्हीवरून आहे. चित्र सुंदर दिसावं म्हणून टीव्ही आत बरंच काही करत बसतो, आणि तोपर्यंत चित्र अडवून धरतो. बोट हललं आणि यान हललं यांत त्याने अंतर पडतं. गेम मोड लावला की हा साजशृंगार बंद होतो. सेटरने तो लावला आणि विसरला. दुसऱ्या दिवशी मालिकेतल्या सगळ्या सुना आजारी दिसायला लागल्या, असं आईचं म्हणणं. आता करार झालाय: नऊला मोड बंद, साडेनऊला सुरू.

[दृश्य: ऊस भरलेला ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, संध्याकाळ.]

इथे मामांची गोष्ट सांगायलाच हवी. सेटरचे मामा कागलकडचे. ऊस, ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या. गेमशी त्यांचा संबंध शून्य. एका रविवारी जेवून बसले होते, भाच्याने हातात कंट्रोलर दिला. वळण घेताना यानाचं नाक वळायचं आणि अंग मात्र पहिल्याच दिशेने सरकत राहायचं. चाकंच नाहीत, तर रस्ता धरणार कोण? भाचा समजावू लागला: या यानांना दोन एअरब्रेक असतात. डावा दाबला की डावी बाजू अडते आणि यान डावीकडे झुकतं.

मामा म्हणाले, "म्हंजे कडी काढलेला ट्रॅक्टर."

आम्हाला आधी उमगलं नाही. ट्रॅक्टरला मागच्या डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक वेगवेगळे असतात, पॅडलं दोन. रस्त्यावर ती कडीने जोडून ठेवायची. शेतात कडी काढायची. सरीच्या टोकाला आलं की डावं पॅडल दाबायचं, डावं चाक थांबतं, ट्रॅक्टर त्याच्याभोवती फिरून पुढच्या सरीत. मामा हे तीस वर्षं करतायत. वायपआउट हा गेम लिव्हरपूलच्या सिग्नोसिसने १९९५ मध्ये आणला आणि एअरब्रेक कंट्रोलरच्या खांद्यावरच्या, म्हणजे वरच्या कडेच्या दोन बटणांवर ठेवले. त्याच्याही आधी, १९९० च्या एफ-झीरोमध्ये निन्टेन्डोने खांद्याची बटणं यान वळणात कलंडायला दिली होती. मामांना यातलं काही ठाऊक नाही, आणि त्या दुपारी त्यांचं काही अडलंही नाही.

त्यांनी एकदाही ब्रेक धरून ठेवला नाही. नवखा माणूस वळण आलं की ब्रेक दाबतो आणि भीतीने दाबूनच ठेवतो. यान वळतं, पण मेल्यासारखं हळू होऊन. मामा टपटप दाबत होते, आणि वळणाच्या पुष्कळ आधी. मागे दोन ट्रॉल्या असल्या की वळण्याचा विचार चौकात येऊन करून भागत नाही. नाक आत गेलं की ब्रेक सुटलेला, यान अजून बाहेरच्या बाजूला घसरतंय आणि घसरत घसरत नेमकं वळणाच्या तोंडाशी येऊन लागतंय. शेपूट जास्त फिरलं, तर विरुद्ध बाजूचा एक हलका टप. अॅक्सिलरेटर मात्र सोडायचा नाही. खालच्या वेगाच्या वर्गात तरी नाही.

ज्यांना आणखी खोलात जायचं, त्यांच्यासाठी पुढच्या गंमती आहेत. २००८ च्या वायपआउट एचडीमध्ये एअरब्रेकचं बटण दोनदा टपटप केलं की यान आडवं सरकतं. उडीवर असताना स्टिक डावी-उजवी-डावी केली की गिरकी घेतं, ढालीतली थोडी ऊर्जा खातं आणि जमिनीवर आल्यावर जोर देतं. २००३ च्या एफ-झीरो जीएक्समध्ये शर्यतीआधी एक सरकपट्टी येते, पिकअप हवा की टॉप स्पीड. बुलेटवाल्यांना हा वाद समजावून सांगायची गरज नाही. इटलीतल्या तोरिनोच्या स्टुडिओने २०१६ मध्ये केलेल्या रेडआउटमध्ये तर दोन्ही स्टिक लागतात: डावीने वळायचं, उजवीने आडवं सरकायचं आणि नाक सांभाळायचं. मग उजवा अंगठा गुंतला, म्हणून अॅक्सिलरेटर तर्जनीखाली. आम्ही एकदा खेळलो. अर्ध्या तासात मान दुखली, का ते कळलं नाही, कारण मान वळवायची गरजच नव्हती.

[दृश्य: रात्र. आप्पा सोफ्याच्या कडेला, कंट्रोलर दोन्ही हातांत.]

शेवटच्या रात्री आप्पा खेळायला बसले. सगळ्यांत हळू वर्ग, रिकामा ट्रॅक. उजवी वळणं बरी गेली. डाव्या वळणाला प्रत्येक वेळी उशीर आणि भिंत.

"डावीकडचं जड लागतंय," आप्पा म्हणाले.

सेटरने आकडे बघितले. दोन्ही बाजू सारख्या. "काय नाही आप्पा, तुमाला वाटतंय तसं."

"आरं जड हाय म्हणतोय न्हवं."

मग त्याने आप्पांचा हात बघितला. आप्पांच्या डाव्या तर्जनीचं वरचं पेर नाही. फार वर्षांपूर्वी ते पॉवर प्रेसमध्ये गेलं, घरात त्यावर कुणी बोलत नाही. या गेममध्ये डावा एअरब्रेक डाव्या ट्रिगरवर, म्हणजे तर्जनीखालच्या खटक्यावर होता. उरलेलं बोट त्या ट्रिगरच्या टोकापर्यंत पोचतच नव्हतं. ते बिजागरीपाशी दाबत होतं. दार कडेला धरून ढकललं तर हलकं जातं, बिजागरीजवळ ढकललं तर जोर लागतो. ट्रिगरचंही तेच.

सेटर काही बोलला नाही. सेटिंगमध्ये गेला. डाव्या ट्रिगरची पूर्ण धाव शंभरावरून चाळीसवर आणली, म्हणजे अर्ध्यापेक्षा कमी दाबला तरी गेमने पुरता दाबला असं धरायचं. उजवीकडेही तेच करायला गेला.

"उजवं ऱ्हाऊ दे. ते बरुबर हाय."

जॉब कार्डाच्या मागे, आठ आणि वीसच्या खाली, पेन्सिलने एक ओळ वाढली: आप्पा, डावं, ४०.

पहिलं डावं वळण आलं. यान जरा जास्तच आत गेलं, आतल्या भिंतीला घासलं, ठिणग्या उडाल्या. आप्पांनी मान न हलवता विचारलं, "किती ठिवलाईस?"

"चाळीस."

"पन्नास कर. आनी परत ट्रायल घिऊ."